जुना डेस्कटॉप: कोणता भाग आधी बदलायचा, कोणता बदलूच नये

२०१३-१४ च्या सुमारास असेंबल करून घेतलेले डेस्कटॉप आजही घरांत, क्लासेसमध्ये, सीएंच्या ऑफिसांत आणि डीटीपीच्या दुकानांत रोज चालू होतात. साधारण मांडणी ठरलेली असते: इंटेलचा चौथ्या पिढीचा कोअर आय३-४१३०, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि कॅबिनेटसोबतच आलेला, अंगावर ‘४५० वॅट’ लिहिलेला एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. तक्रारही ठरलेली. चालू व्हायला पाच मिनिटं लागतात आणि ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले की माऊससुद्धा हलत नाही. पुढची सगळी माहिती हे मशीन समोर ठेवून दिली आहे. आधीच्या एच६१ बोर्डांना किंवा नंतरच्या सहाव्या-सातव्या पिढीलाही त्यातलं बरंचसं लागू पडतं.

खर्च करण्याआधी प्रत्येक भागाबद्दल एकच गोष्ट पाहायची: हा भाग पुढच्या मशीनमध्ये जाईल का? एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी येणारी, फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क), चांगला एसएमपीएस आणि कॅबिनेट पुढे जातात, म्हणून ते नवे आणि चांगल्या प्रतीचे घ्या. डीडीआर३ रॅम आणि एलजीए ११५० सॉकेटचा प्रोसेसर पुढे कुठेही बसत नाही. त्यामुळे त्यावर थोडाच खर्च करायचा, आणि तोही सेकंडहँड मालावर.

आधी निदान

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’वर जा आणि नेहमीचं काम करत राहा. डिस्कचा ‘अॅक्टिव्ह टाइम’ १०० टक्क्यांवर खिळलेला आणि प्रत्यक्ष वेग सेकंदाला एक-दोन एमबी, असं दिसलं तर दोष हार्ड डिस्कचा आहे. मोठी फाइल सलग वाचताना हीच डिस्क सेकंदाला शंभर-सव्वाशे एमबी देते. पण विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाइली डिस्कभर विखुरलेल्या असतात आणि प्रत्येकीसाठी आतला हात जागा बदलतो. तिथेच सगळा वेळ जातो. मेमरी ८५-९० टक्क्यांवर असेल तर रॅमही कमी आहे, आणि रॅम कमी पडली की विंडोज तिचं काम डिस्कवर ढकलतं. म्हणून हे दोन दोष बहुतेक वेळा जोडीनेच दिसतात. प्रोसेसर १०० टक्क्यांवर आणि बाकी सगळं निवांत असेल, तरच प्रोसेसर बदलण्याचा विचार करा.

याच खिडकीत मेमरीखाली किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. बोर्डाचं नेमकं मॉडेल आणि बायोसची (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रॅमची) आवृत्ती सीपीयू-झेड या मोफत प्रोग्रॅममध्ये कळते. ती कागदावर लिहून ठेवा, पुढे प्रत्येक खरेदीला लागेल. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये हार्ड डिस्कची तब्येत पाहा. ‘रीअलोकेटेड सेक्टर्स’ किंवा ‘करंट पेंडिंग सेक्टर’ या ओळींत शून्याऐवजी आकडा असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी डेटा दुसरीकडे उतरवा.

काय काय वाचवायचं

‘माय डॉक्युमेंट्स’ कॉपी केलं की बॅकअप झाला, या समजुतीने सर्वांत जास्त नुकसान होतं. डेस्कटॉपवरच्या फाइली, डाउनलोड्स, ब्राउझरचे पासवर्ड आणि आउटलुकची पीएसटी फाइल, हे सगळं सी ड्राइव्हवर असतं. डीटीपीचं मशीन असेल तर विंडोजमधला फॉन्ट्सचा अख्खा फोल्डर उचलून ठेवा. जुन्या जाहिराती आणि पत्रिका ज्या बिगर-युनिकोड मराठी फॉन्टांत केल्या आहेत, ते फॉन्ट नसतील तर फाइल उघडेल पण अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतील. श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरचं हार्डवेअर लॉक कोणत्या पोर्टला लागतं तेही पाहा. ते जुन्या पॅरलल पोर्टचं असेल, तर मदरबोर्ड बदलताना तीच मोठी अडचण ठरते, कारण नव्या बोर्डांच्या मागच्या बाजूला तो पोर्ट नसतोच.

टॅली वापरत असाल तर डेटा फोल्डर कॉपी करा आणि जुनं मशीन चालू असतानाच लायसन्स ‘सरेंडर’ करा. डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवा. रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी तो शोधत बसण्याची वेळ येऊ नये.

पहिला बदल: एसएसडी

एकच भाग बदलण्याइतके पैसे असतील तर ते एसएसडीवर घाला. एच८१ बोर्डावर एम.२ स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी थेट बोर्डावर बसवायची जागा) नसतो, म्हणून हार्ड डिस्कसारखीच केबलने जोडायची साधी २.५ इंची साटा एसएसडी घ्यायची. दुकानदार एनव्हीएमई (जास्त वेगाची, पट्टीसारखी एसएसडी) आणि ती बोर्डाच्या कार्डाच्या स्लॉटमध्ये बसवणारा पीसीआयई अडॅप्टर अशी जोडी सुचवील. ती या बोर्डावर डेटासाठी चालेलही, पण त्यावरून विंडोज सुरू करायला बायोसची साथ लागते आणि त्या काळच्या बहुतेक बोर्डांत ती नसते. क्षमता ५०० जीबी घ्या. २४० जीबीची विंडोज, अपडेट आणि व्हॉट्सअॅपच्या फाइलींनी लवकर भरते, आणि गच्च भरलेली एसएसडी मंदावते. नाव न ऐकलेल्या ब्रँडची फार स्वस्त १ टीबी घेऊ नका. लेबलावर एक आणि आत भलतीच क्षमता, असा माल ऑनलाइन विकला जातो.

जोडण्याचा क्रम असा. मशीन बंद करून पॉवर केबल काढा आणि चालू करायचं बटण पाच सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच आतल्या भागांना हात लावा. हात लावल्यावर मशीन चालू असताना झिणझिण्या येत असतील, तर घरातलं अर्थिंग तपासून घ्या. नव्या भागांसाठीही ते तितकंच महत्त्वाचं आहे.

एसएसडी कॅबिनेटमध्ये बसवायला २.५ ते ३.५ इंची ब्रॅकेट मिळतं. एसएसडीला बारीक आट्यांचे एम३ स्क्रू लागतात. हार्ड डिस्कचे स्क्रू जाड आट्यांचे असतात, ते जोर लावून फिरवले की एसएसडीच्या आट्या जातात. डेटा केबल बोर्डावरच्या ६जी लिहिलेल्या साटा पोर्टलाच लावा. एच८१ मध्ये चारपैकी दोन पोर्ट ६ गिगाबिटचे आणि दोन ३ गिगाबिटचे असतात. एच६१ वर सगळे ३ गिगाबिटचेच असतात आणि तिथे वेग ५००-५५० ऐवजी २७० एमबीच्या आसपास अडकतो. तरीही फरक जाणवण्याजोगा असतो, कारण बारीक फाइली वाचताना ती मर्यादा गाठलीच जात नाही. एसएमपीएसला साटा पॉवरची जादा पिन नसेल तर मोलेक्स या जुन्या चार पिनांच्या कनेक्टरवरून रूपांतर करणारी केबल मिळते. तिच्यात प्लॅस्टिक ओतून बंद केलेला कनेक्टर टाळा. आतल्या तारा एकमेकींना टेकून तो जळाल्याची उदाहरणं आहेत. तारा वेगवेगळ्या दिसतात असा, दाबून बसवलेला कनेक्टर घ्या.

आता हार्ड डिस्कची डेटा केबल काढून ठेवा. ही पायरी सगळे विसरतात. दोन्ही डिस्क जोडलेल्या असताना विंडोज टाकलं, तर सिस्टीम एसएसडीवर आणि ती सुरू करणारं छोटं पार्टिशन जुन्या हार्ड डिस्कवर असं होऊ शकतं. सहा महिन्यांनी ती डिस्क मेली की नवंकोरं विंडोजही उठत नाही.

बायोसमध्ये जाऊन साटा मोड ‘एएचसीआय’ आहे ना ते पाहा. विंडोज टाकून झाल्यावर हा मोड बदलला तर निळी स्क्रीन येते. दुसऱ्या संगणकावर ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल चालवून इन्स्टॉलर तयार करा. बूट मेनूमध्ये त्याच पेन ड्राइव्हच्या दोन नोंदी दिसल्या, तर जिच्या आधी ‘यूईएफआय’ (मशीन सुरू करण्याची नवी पद्धत) लिहिलं आहे ती निवडा. विंडोज सुरू झालं, अपडेट झालं, की मशीन बंद करून हार्ड डिस्क परत जोडा आणि बायोसमध्ये एसएसडी पहिल्या क्रमांकावर ठेवा.

क्लोनिंग सोयीचं वाटतं आणि मशीन स्वच्छ असेल तर हरकत नाही. बहुतेक नामांकित एसएसडी कंपन्या त्यासाठी मोफत सॉफ्टवेअर देतात. पण दहा वर्षांचा साठलेला कचरा, अर्धवट काढलेले अँटिव्हायरस आणि चुकीचे ड्रायव्हरही तसेच्या तसे नव्या डिस्कवर येतात. या वयाच्या मशीनवर विंडोज नव्याने टाकणंच योग्य.

रॅम

४ जीबीची ८ करायला दुसरी ४ जीबीची स्टिक पुरते. फोटोशॉप किंवा कोरलड्रॉ असेल तर ८ जीबीच्या दोन घेऊन १६ करा. एच८१ ची कमाल मर्यादा तेवढीच आहे. एकाच क्षमतेच्या दोन स्टिक लावल्या की ड्युअल चॅनल सुरू होतं, म्हणजे दोन्ही एकाच वेळी वापरल्या जातात. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तेव्हा त्याचा विशेष फायदा, कारण प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं.

दुकानात सांगायचं ते एवढंच: डेस्कटॉपची डीडीआर३, १६०० मेगाहर्ट्झ, २४० पिन. १.३५ व्होल्टची डीडीआर३एल मिळाली तरी चौथ्या पिढीला चालते. फसगत होते ती एका विशिष्ट मालाने. ८ जीबीच्या काही फार स्वस्त स्टिक फक्त एएमडीच्या बोर्डांवर चालतात. त्यांच्या चिपची अंतर्गत मांडणी इंटेलच्या कंट्रोलरला वाचता येत नाही, आणि एच८१ वर लावल्या की डिस्प्लेच येत नाही. घेताना ‘इंटेल बोर्डावर चालली नाही तर परत’ असं बिलावर लिहून घ्या. सेकंडहँड मालासाठी मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्ली आहेच, पण तिथेही हीच अट घाला.

स्लॉटमधली खाच आणि स्टिकवरची खाच जुळवा, दोन्ही टोकांवर अंगठ्यांनी सरळ दाबा. क्लिप आपोआप उभी राहून ‘खट्’ आवाज आला पाहिजे. क्लिप बोटाने ओढून बसवावी लागत असेल तर स्टिक अर्धवट बसली आहे. जुनी स्टिक काढलीच आहे तर तिच्या सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा आणि रबराचा चुरा झटका. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यानंतर ‘डिस्प्ले नाही’ अशी दुरुस्तीला आलेली कितीतरी मशीन एवढ्यानेच सुरू होतात. नंतर मेमटेस्ट८६ ची एक पूर्ण फेरी चालवा. एकही चूक दिसली तर स्टिक परत करा. एक चूक चालेल असं रॅमच्या बाबतीत नसतं.

प्रोसेसर: फक्त स्वस्तात मिळाला तर

आय३-४१३० मध्ये दोन कोअर आहेत. त्याच सॉकेटमध्ये चार कोअरचा आय५-४५७० किंवा चार कोअर, आठ थ्रेडचा आय७-४७७० बसतो. दोघेही ८४ वॅटचे. ४५९० आणि ४७९० हे थोडे नंतरचे आहेत आणि सुरुवातीच्या एच८१ बोर्डांना त्यांच्यासाठी नवं बायोस लागतं. ते जुना प्रोसेसर जागेवर असतानाच टाकायचं, आणि तेवढा वेळ मशीन यूपीएसवर असायला हवं. नंबरामागचं अक्षरही पाहा. आय५-४५७०टी नावाला आय५ आहे, पण त्यात कोअर दोनच आहेत. के मालिकेवर जादा पैसे घालू नका, ते ज्यासाठी असतात ते ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) एच८१ चं काम नव्हे.

उघडण्याआधी मशीन दहा मिनिटं चालवा. प्रोसेसरची उष्णता वरच्या कूलरकडे (पंख्याकडे) नेणारी पेस्ट कोमट झाली की कूलर सहज सुटतो. एएमडीच्या एएम४ आणि त्याआधीच्या एएम सॉकेटांवर हे फारच महत्त्वाचं, कारण तिथे घट्ट झालेल्या पेस्टमुळे प्रोसेसरच कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

इंटेलच्या मूळ कूलरला चार काळ्या पुशपिना असतात. प्रत्येकीच्या डोक्यावर बाण आहे. काढताना बाणाच्या दिशेने पाव वळसा देऊन वर ओढायचं. बसवताना चारही पिना उलट दिशेने मूळ जागी फिरवून घ्या आणि मग समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन-दोन एकदम दाबा. इथेच बहुतेकांचं चुकतं: पिना मोकळ्या स्थितीत राहतात, तीन बसतात, चौथी वर असते. त्यामुळे कूलर तिरका राहतो आणि मशीन दोन मिनिटांत तापून बंद पडतं. दाबून झाल्यावर बोर्ड उलटून किंवा टॉर्चने मागची बाजू पाहा. चारही ठिकाणी पांढरे पाय फाकलेले आणि मधून काळी पिन आलेली दिसलीच पाहिजे.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि न झडणाऱ्या कापडाने पूर्ण पुसा. सॉकेटची तार उचला, प्रोसेसर दोन्ही कडांनी धरून वर घ्या. या सॉकेटच्या पिना बोर्डावर आहेत, केसासारख्या बारीक. त्यावर बोट किंवा कापड गेलं तर बोर्ड गेला. नव्या प्रोसेसरचा सोनेरी त्रिकोण आणि दोन बाजूंच्या खाचा जुळवून तो नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. तार बंद करताना लागणारा जोर आणि होणारी करकर नेहमीची आहे. मध्यभागी वाटाण्याएवढी पेस्ट पुरते, पसरवायचं काम कूलरचा दाब करतो. पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या जागीच लावा. मशीन चालू करून एचडब्ल्यूमॉनिटरमध्ये तापमान पाहा. पूर्ण भारावर ८५ अंशांच्या वर जात असेल तर कूलर नीट बसलेला नाही किंवा आय३ सोबत आलेला हा कूलर ८४ वॅटना अपुरा पडतो आहे.

एसएमपीएस

दहा वर्षं चाललेला स्वस्त एसएमपीएस नव्या भागांना जोडणं हा या सगळ्यातला सर्वांत वाईट सौदा. बाजूचं लेबल वाचा. १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिले आहेत त्याला १२ ने गुणा. खऱ्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर तिथे ३४ ते ३७ अँपिअर असतात. कॅबिनेटसोबतच्या मालावर अनेकदा १४ ते १८ दिसतात, म्हणजे फार तर दोनशे वॅटच्या आसपास. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघेही १२ व्होल्टवरच जगतात. ८० प्लस ब्राँझ दर्जाचा ४५० ते ५५० वॅटचा एसएमपीएस घ्या, तो पुढच्या मशीनलाही पुरेल. केबल सुट्या होणाऱ्या एसएमपीएसच्या केबली दुसऱ्या मॉडेलला कधीही लावू नका. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते आणि एका झटक्यात सगळ्या डिस्क जळतात.

ऑफिसांतून लिलावात निघालेले डेल ऑप्टिप्लेक्स ३०२०, ७०२० किंवा ९०२० वापरत असाल तर जरा थांबा. त्यांच्या बोर्डाला नेहमीच्या २४ पिनांऐवजी ८ पिनांचा कनेक्टर आहे, त्यामुळे बाजारातला एसएमपीएस थेट लागत नाही, रूपांतराची केबल लागते. एचपीच्या त्या काळातल्या बऱ्याच ऑफिस मॉडेलांचंही तसंच.

ग्राफिक्स कार्डाबद्दल थोडक्यात: ऑफिस आणि डीटीपीला त्याची गरज नाही. हवंच असेल तर जादा पॉवर कनेक्टर न लागणारं ७५ वॅटच्या आतलं जीटीएक्स १६५० घ्या. जीटी १०३० घेताना जीडीडीआर५ आवृत्तीच मागा, डीडीआर४ वाली बरीच मंद आहे. आरएक्स ६४०० टाळा. ते स्लॉटच्या चारच लेन वापरतं आणि एच८१ च्या जुन्या पीसीआयई २.० वर गुदमरतं.

विंडोज ११ आणि बोर्ड बदलण्याची वेळ

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरासाठी नोंदणी केल्यास सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची आणि टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं, त्यामुळे चौथ्या पिढीचा आय७ घालूनही ही अट पूर्ण होत नाही. पळवाटेने विंडोज ११ टाकता येतं, पण अशा मशीनला अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. बँकेचे व्यवहार आणि लोकांची कागदपत्रं ज्या मशीनवर आहेत, तिथे हा धोका पत्करू नये. काम ब्राउझर आणि साध्या कागदपत्रांचं असेल तर एसएसडी आणि ८ जीबीवर लिनक्स मिंट छान चालतं, इन्स्क्रिप्ट कीबोर्डने मराठीही टाइप होते. टॅली किंवा डीटीपी सॉफ्टवेअर रोज लागत असेल तर बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम एकत्र बदलणं हाच मार्ग.

त्यासाठी आय३-१२१०० आणि एच६१० बोर्ड, किंवा रायझन ५ ५६००जी आणि बी५५० बोर्ड, या जोड्या घरगुती कामाला भरपूर होतात. १२१००एफ मध्ये ग्राफिक्स नाही, वेगळं कार्ड नसेल तर तो घेऊ नका. एच६१० बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन प्रकारांत येतात, त्यामुळे रॅम बोर्ड ठरल्यावरच घ्या. जुना मॉनिटर व्हीजीएचा असेल तर मागे तो पोर्ट असलेला बोर्ड मागा, मिळतो.

बसवताना कॅबिनेटच्या पत्र्यावरचे पितळी खांब नव्या बोर्डाच्या छिद्रांशी मोजून पाहा. छिद्र नाही तिथे खांब राहिला तर बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट होतो. मागच्या पोर्टांभोवतीची पत्र्याची पट्टी बोर्डाआधी बसवा. पुढच्या बटणांच्या बारीक वायरींत पॉवर स्विच कसाही लावला तरी चालतो, एलईडीला मात्र अधिक-उणे पाहावं लागतं. जुन्या पद्धतीने, म्हणजे यूईएफआय न निवडता टाकलेलं विंडोज या बोर्डांवर बहुधा उठणार नाही, कारण ते यूईएफआयनेच सुरू होतात. म्हणून पुन्हा कोरं विंडोज टाका. जुनं विंडोज मशीनसोबत आलेल्या ओईएम लायसन्सचं असेल तर ते जुन्या बोर्डाशी बांधलेलं आहे. नव्या लायसन्सचा खर्च आधीच धरा.

डिस्प्ले आला नाही तर

घाबरून सगळं उपसू नका. प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनांचा वेगळा पॉवर कनेक्टर लावला आहे का ते सर्वांत आधी पाहा. तो विसरला की पंखे फिरतात पण स्क्रीन काळीच राहते. मग ग्राफिक्स कार्ड असताना मॉनिटरची केबल बोर्डाला तर लावली नाही ना, ते पाहा. त्यानंतर एकच रॅम स्टिक, आळीपाळीने दोन्ही स्लॉटमध्ये. तरीही नाही, तर पॉवर काढून बोर्डावरचा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा, म्हणजे बायोस मूळ स्थितीत येतो. हा सेल ३ व्होल्टचा असतो, आणि तारीख-वेळ रोज मागे जात असेल तर नवाच घाला. मशीन दोन सेकंद चालू होऊन बंद, पुन्हा चालू, असं करत असेल तर बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवा आणि फक्त प्रोसेसर, कूलर आणि एक रॅम लावून पाहा. बाहेर चाललं म्हणजे आत कुठेतरी शॉर्ट आहे.

काढलेली हार्ड डिस्क निरोगी असेल तर स्वतंत्र १२ व्होल्ट अडॅप्टरच्या यूएसबी केसमध्ये घालून बॅकअपला वापरा. ३.५ इंची डिस्क नुसत्या यूएसबीच्या विजेवर फिरत नाही. विकायची असेल तर क्विक फॉरमॅटवर भागवू नका, त्यात फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, फाइली तशाच राहतात. फॉरमॅटच्या खिडकीतली ‘क्विक’वरची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. ५०० जीबीला दोन-तीन तास लागतात, तेवढे लागू द्या.